शेवटच्या प्रकरणाचा सारांश

फोन वाजला तेव्हा तिच्या हातात भिंग होतं आणि समोरच्या उंच खुर्चीत बसलेल्या आजोबांच्या नाकावर डोळे तपासायची जड, गोल फ्रेम. "हे बरं दिसतं, की हे?" असं विचारून तिने भिंग फिरवलं होतं आणि आजोबा विचार करत होते. या खुर्चीत बसलं की माणसं फार विचार करतात. उत्तर चुकलं तर चुकीचा चष्मा पदरात पडेल आणि मग तो निमूटपणे जन्मभर वापरावा लागेल, अशी प्रत्येकाची मनातून खात्री असते. तिने कोटाच्या खिशातला फोन बघितला, "एक मिनिट हं आजोबा, डोळे मिटून बसा," असं म्हणाली आणि दुकानामागच्या बोळात गेली. तिथे चष्म्यांच्या रिकाम्या खोक्यांच्या थप्प्या होत्या आणि कधीच नीट बंद न होणारा एक नळ.

"वाचलं मी," एजंटबाई म्हणाल्या. लेखकांची पुस्तकं प्रकाशकांपर्यंत नेऊन पोहोचवणं हा त्यांचा धंदा. त्यांचा आवाज तिने आधी एकदाच ऐकला होता. तेव्हा तो घाईत होता, आज नव्हता. "तुमचा प्रस्ताव, नमुन्याची प्रकरणं, सगळं एका बैठकीत वाचलं. माझं असं फार कमी वेळा होतं. कोर्टातल्या प्रसंगाने सुरुवात केलीत ना, ते पहिलं पानच पुस्तक विकणार आहे, लिहून ठेवा. दहा-बारा दिवसांनी मी तीन प्रकाशकांना भेटतेय. फक्त एक विचारू? तुम्ही कुठे स्पष्ट लिहिलेलं नाही. मला तो संयम आवडला. पण ते विचारतीलच. मिस्टर जाऊन किती वर्षं झाली?"

"सहा," ती म्हणाली.

"हं," एजंटबाई म्हणाल्या आणि माणसं अशा वेळी थांबतात तेवढं थांबल्या. "मग शेवटच्या प्रकरणाचा सारांश तेवढा राहिलाय. एक पान पुरे. शेवटचे दिवस, तुम्हाला झेपेल तितकं. भेटीच्या आधी मिळालं तर बरं."

तिने फोन खिशात टाकला, नळ उगाच एकदा घट्ट पिळला आणि आत आली. आजोबा खरोखरच डोळे मिटून बसले होते. "आता सांगा. पहिलं की दुसरं?" "मला दोन्ही सारखीच दिसतायत हो," ते गुन्हा कबूल केल्यासारखे म्हणाले. "सारखी दिसली तरी चालतं. म्हणजे आपण बरोबर नंबराच्या जवळ आलोय," ती म्हणाली. हे वाक्य ती रोज कुणाला ना कुणाला ऐकवत असे, आणि ते खरं होतं.

आपण खोटं बोललो असं तिला दुपारभर वाटलंच नाही. दुकानातून निघून उड्डाणपुलाखालच्या रस्त्याला लागल्यावर तिने स्वतःपुरतं एक कारण रचलं. प्रश्नातला फक्त 'जाऊन' हा शब्द आपल्या कानाला लागला, आणि जे गेलं होतं त्याचा हिशोब तोंडातून आपोआप बाहेर पडला. गेलं होतंच की. अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टर तिला म्हणाले होते, "वाचले. पण वाचा गेली आहे." त्या धावपळीतही तिच्या मनात येऊन गेलं होतं की शब्दांचा हा खेळ नवऱ्याला ऐकवला पाहिजे, त्याला असलं फार आवडतं, आणि मग लक्षात आलं होतं की ऐकवता आलं असतं, पण त्याला त्यावर काही म्हणता आलं नसतं. कारण चांगलं होतं. पण भाजीवाल्याच्या गाडीपाशी पोचेपर्यंत ते विरलं. एजंटबाई थांबल्या होत्या. त्या थांबण्यात 'अहो नाही, तसं नाही' एवढे चार शब्द सहज मावले असते. ते चार शब्द तिच्या तोंडाशी आले होते, आणि तिने नळाकडे बघत ते गिळले होते.

घरी तो दारामागेच उभा होता. तिची चाहूल त्याला जिन्यातच लागते, आणि कडी काढायला त्याला वेळ लागतो म्हणून तो आधीपासून तयारीत असतो. उजवा हात लटका, डावा कडीवर, ओठ एका बाजूला ओढलेले. "उद्या," तो म्हणाला. 'उद्या' म्हणजे 'आलीस', 'उद्या' म्हणजे 'भूक लागली', 'उद्या' म्हणजे 'तो दिवा बंद कर'. त्याच्याकडे उरलेल्या मोजक्या शब्दांपैकी हा सगळ्यात कष्टाळू. 'हो' आणि 'नाही' त्याला येतात, पण ते दोघे आपापल्या जागा विसरलेत. हो म्हणायचं असताना नाही येतं आणि मग स्वतःच्या तोंडाचा त्याला इतका राग येतो की तो डाव्या हाताने ओठ पुसून टाकतो. "आले," ती म्हणाली. "आज बराच उशीर झाला ना?" "हो. नाही. नाही," तो म्हणाला. आणि तिने पिशवी ठेवली, चहाचं आधण ठेवलं, आणि कपाळावर कुणीतरी बोट ठेवल्यासारखं तिच्या लक्षात आलं की आपण या माणसाकडे आज जरा निरखून बघतोय. जिवंत माणसाकडे बघतात तसं नाही. फोटोकडे बघतात तसं.

लिहिणं सुरू झालं तेच मुळी घरात बोलायला कुणी नव्हतं म्हणून. तो कोर्टात दुभाषा होता. बंदराचं गाव, पलीकडच्या देशातले खलाशी, मजूर, त्यांच्या बायका, कुणी फिर्यादी, कुणी आरोपी, कुणी नुसते साक्षीला ओढलेले, आणि न्यायाधीश आणि त्यांच्यामध्ये एका लाकडी चौकटीत उभा असलेला तो. दिवसभर दुसऱ्यांचं बोलून घरी आला की स्वतःचं बोलायला त्याला हुरूप चढायचा. जेवताना बोलायचा, दाढी करताना आरशातल्या तिच्याशी बोलायचा, झोपेत कूस बदलता बदलता वाक्य पुरं करायचा. ती वैतागायची. "जरा गप्प बसायचं काय घेशील?" असं तिने हजारदा विचारलं असेल. मग तो गप्प बसला. पहिल्या वर्षी ती त्याच्या वाटणीचंही बोलायची, बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं म्हणून. दुसऱ्या वर्षी तिचा स्वतःचाच आवाज तिला भिंतीवरून परत ऐकू यायला लागला. तेव्हा तिने लिहायला घेतलं. त्याच्याशी जे बोलली असती ते. लिहिताना ते 'तू'चं 'तो' कधी झालं आणि 'आहे'चं 'होता' कधी झालं, तिला सांगता आलं नसतं. तो बोलायचा. तो हसायचा. त्याला शब्दांचे खेळ आवडत. बोलणारा तो गेलेलाच होता. त्याच्याविषयी लिहायचं तर क्रियापदं आपसूक मागे सरकत. आता मात्र ती चरकली. इतक्या वर्षांत लिहिलेल्या सगळ्या पानांत एकही 'आहे' नव्हता, आणि वाचणाऱ्या बाईंनी त्याचा जो अर्थ काढायचा तोच काढला होता.

पुस्तकाची टूम मुलीची. ती दुसऱ्या शहरात एका जाहिरात कंपनीत होती आणि तिला कशाचंही काहीतरी करता येतं. आईची पानं वाचून तिसऱ्या दिवशी तिने प्रस्तावाचा साचाच पाठवून दिला. पुस्तक एका वाक्यात सांगा. वाचक कोण? अशीच आणखी कोणती पुस्तकं बाजारात आहेत आणि तुमचं त्यांच्याहून वेगळं कसं? हे पुस्तक तुम्हीच का लिहायचं? प्रकरणवार सारांश. त्या प्रश्नांपुढे आई आठवडेच्या आठवडे बसली होती. आपल्या संसाराचं एक वाक्य करायचं म्हणजे काय करायचं? 'वाचक कोण' या प्रश्नाखाली तिने आधी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'माहीत नाही, मला वाटतं माझा नवरा,' आणि मुलीने ते खोडून तिथे 'आजारी जोडीदाराची देखभाल करणारे असंख्य' असं घातलं होतं. 'तुम्हीच का' या प्रश्नाचं उत्तर मात्र तिला लगेच सुचलं होतं. कारण त्याला आता लिहिता येत नाही. पण तेही प्रस्तावात गेलं तेव्हा 'त्याला आता लिहिता येणार नाही' असं होऊन गेलं, आणि त्या वाक्याला कुणीही आपोआप टोपी काढून उभं राहावं असं गांभीर्य आलं.

रविवारी दुपारी तिने शेवटच्या प्रकरणाचा सारांश लिहायला घेतला. जेवणं झाली होती, खिडकीतून ऊन जेवणाच्या टेबलावर अर्ध्यापर्यंत आलं होतं, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तो संत्रं सोलत बसला होता. लटक्या हाताने फळ पोटाशी दाबून धरायचं आणि डाव्या अंगठ्याने साल उचकटायची, ही त्याची स्वतः शोधलेली पद्धत. मदत केली तर रागावतो. तिने ठरवलं होतं की गोलमोल लिहायचं. 'शेवट शांतपणे आला,' एवढंच. कुणी विचारलंच तर मौन हा शेवट म्हणता येईल. पण पहिलं वाक्य झालं आणि दुसरं वाक्य त्याच्या पाठोपाठ तयारच होतं. तो गेला त्या सकाळी त्याच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती. मग खुर्ची आली, खुर्चीवरचं ऊन आलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी पियानोवर एकच ओळ पुन्हा पुन्हा घासत होतं, तेही आलं. आपण स्वयंपाकघरातून हाक मारली, उत्तर येणार नाही हे माहीत असूनही सवयीने मारली, आणि या वेळची शांतता निराळी होती, हे आलं. तिचा हात थांबेना. डॉक्टर, मुलीचा प्रवास, कपाटातले त्याचे कोट कुणाकुणाला दिले ते. पान भरलं तेव्हा तिला रडू आलेलं नव्हतं. डोक्यावरून कुणीतरी पाण्याची घागर उतरवून घ्यावी तसं तिला हलकं वाटत होतं. इतकं हलकं की तिने दोन्ही खांदे मागे घेऊन एक लांब श्वास सोडला. आणि श्वास सोडता सोडताच तिला समजलं की आपण काय केलं, आणि किती सराईतपणे. हे तिने आज रचलं नव्हतं. हे कुठेतरी आधीच तयार होतं, गेली कित्येक वर्षं, आणि आज नुसतं उतरवून घेतलं होतं.

तिच्या कागदाशेजारी काहीतरी ठेवल्याचा ओलसर आवाज झाला. सोललेल्या संत्र्याचा अर्धा भाग. तो उठून, टेबलाला धरून धरून, तिच्यापर्यंत आला होता. "उद्या," तो म्हणाला, म्हणजे खा. तिने कागद पालथा केला. मग एक फोड तोंडात घातली, आणि आंबट आहे की गोड हे तिला कितीतरी वेळ कळलं नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिने सगळं सांगितलं. मुलगी आधी हसली, अगदी खळखळून, मग एकदम थांबली. "आई, म्हणजे तू बाबांना मारलंस?"

"मी कुठे मारलं? त्यांनी विचारलं, मी नुसतं…"

"मग आता सांगून टाक त्यांना. चूक झाली म्हणावं. त्यात काय एवढं?"

"सांगितलं तर पुस्तक व्हायचं नाही," ती म्हणाली. हे ती मोठ्याने पहिल्यांदाच म्हणत होती. "नवरा गेलेल्या बाईचं पुस्तक होतं. नवरा शेजारच्या खोलीत बसलाय, त्याला अंघोळ घालायची राहिलीये, अशा बाईचं कसलं पुस्तक? त्याला शेवट कुठे आहे?"

मुलीने विचारलं, "बाबांना माहितीये?"

"मी लिहिते ते? माहितीये की. रोज त्याच्यासमोरच तर लिहिते."

"मी ते विचारलं नाही, आई."

मुलीच्या या एका वाक्याने तिचे पुढचे दोन दिवस खाल्ले. दुकानात ती लोकांना विचारत राहिली, हे की हे, पहिलं की दुसरं, आणि लोक मान वाकडी करून, डोळा बारीक करून सांगत राहिले, दुसरं, नाही थांबा, पहिलं. आवडनिवड सांगता येणं ही केवढी चैन आहे! घरी तिने त्याला समोर बसवून विचारलं. "मी तुझ्यावर पुस्तक लिहिलंय. ते छापायचं म्हणते. चालेल तुला?" "हो," तो म्हणाला. मग भुवया आवळून "नाही." मग ओठ पुसले. तिने उलटं विचारलं, "छापू नको का?" "हो. हो. नाही." मग तिने दुकानातली युक्ती केली. एका बाजूला पानांचा गठ्ठा ठेवला, दुसऱ्या बाजूला कचऱ्याची टोपली. "हे, की हे?" त्याने दोन्हींकडे बघितलं आणि मग तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की ती शरमली. बोलणं शिकवणाऱ्या बाई तीन वर्षांच्या मुलांची चित्रं त्याच्यासमोर धरायच्या, तेव्हा तो त्यांच्याकडे तसा बघायचा. त्याची अक्कल कुठेही गेलेली नव्हती. आतला माणूस पुराच्या पुरा आत होता, फक्त दार आतून उघडत नव्हतं. आणि ज्या पुस्तकाविषयी त्याचं मत विचारलं जात होतं ते त्याला कुणी ऐकवलंच नव्हतं. न वाचता कुठला शहाणा माणूस हो की नाही सांगेल?

म्हणून बुधवारी, दुकान लवकर बंद होतं त्या दिवशी, ती दिवेलागणीआधीच घरी आली, त्याला त्याच्या खुर्चीत बसवलं, स्वतः समोर बसली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. तो ऐकायला बसला तो तसाच, जसा कोर्टात ऐकत असे: पाठ ताठ, नजर जमिनीकडे, आणि ओठ किंचित हलते, दुसऱ्याचं वाक्य येता येताच तोंडात लोळवून बघणारे. पहिलं पान कोर्टातलं. एका बोटीवरून एक बाई पाण्यात पडून मेली होती आणि तिच्या नवऱ्यावर खटला चालू होता. साक्षीत तो खलाशी त्याच्या भाषेत म्हणाला, तिचा हात माझ्या हातातून सुटला. आणि दुभाषा म्हणाला, मी तिचा हात सोडला. एका शब्दाचा फरक, आणि फाशी की सुटका एवढा. पुढच्या श्वासाला त्याच्या ते लक्षात आलं. त्याने हात वर केला, न्यायाधीशांना सांगितलं की चूक माझी आहे, साक्षीदाराची नाही, आणि शब्द दुरुस्त करून घेतला. सगळ्या नोकरीतली त्याची पहिली चूक. त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नव्हता. पुढे महिन्याभरात तो न्हाणीघरात कोसळला तेव्हा तिला वाटलं की ती चूक म्हणजेच आजाराची पहिली टकटक होती. तिने त्यावरून पुस्तकाची सुरुवात बांधली होती. ती वाचत गेली. इस्पितळ. बेडपॅन. त्याने चिडून तिच्या अंगावर फेकलेला चमचा. घरी आल्यावर त्याने भर दुपारी पँट ओली केली आणि नेमकी तेव्हाच मुलगी दारात उभी राहिली, ते पान आलं तेव्हा तिचा आवाज खाली गेला. वगळावं असं वाटलं, पण कोर्टात साक्ष वगळत नाहीत हे तिला त्याच्यासमोर बसून आठवलं. तिने वाचलं. तो ऐकत होता. मग ते पान, जिथे तिने लिहिलं होतं की एकदा त्याला औषध देताना, पाण्याचा पेला हातात धरून, हा आता नसता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. तेही वाचलं. त्याचे ओठ हलले आणि थांबले.

शेवटी रविवारचा सारांश उरला. पान हातात धरून तिने त्याच्याकडे बघितलं. "हे खोटं आहे," ती म्हणाली. "त्यांना वाटलं तू गेलास. मी नाही म्हटलं नाही. मग हे लिहिलं." आणि तिने त्याला त्याचं मरण वाचून दाखवलं, नाडीपासून कोटांपर्यंत. मध्येच तिला हुंदका आला. रविवारी न आलेला, आज बरोबर नको तिथे आला, पण ती वाचत राहिली. वाचून झाल्यावर तिला वर बघवेना. मग आवाज आला. तो हसत होता. चेहऱ्याच्या एका बाजूने, खांदा हलवत, जुन्या पद्धतीने, जसा तो दुसऱ्याच्या चांगल्या कोटीवर हसायचा. "छान," तो म्हणाला. हा शब्द तिने त्याच्या तोंडून कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता. "छान छान."

"छान काय, वेड्या," ती डोळे पुसत म्हणाली.

मग त्याने हात पुढे केला. तिने गठ्ठा त्याच्या मांडीवर ठेवला. तो डाव्या हाताने पानं उलटत गेला. वाचत नव्हता, वाचणं त्याला जड जातं, पण शोधत मात्र होता. बेडपॅनचं पान गेलं. ओल्या पँटचं पान गेलं. तिथे त्याचं बोट अडखळलंसुद्धा नाही. पाण्याच्या पेल्याचं पान गेलं. गठ्ठा संपला. तो पुन्हा मागे आला, अगदी मागे, आणि त्याने सगळ्यात वरचं, पहिलं पान उचललं. कोर्टाचं. ते त्याने गुडघ्यावर ठेवून एका हाताने दुमडलं, पुन्हा दुमडलं, आणि सदऱ्याच्या खिशात घातलं.

"ते? ते तर सगळ्यात चांगलं पान आहे रे," ती म्हणाली. "त्यात तू किती मोठा दिसतोस. चूक कबूल केलीस, माणूस वाचवलास."

"खो…" तो म्हणाला. कपाळावरची शीर फुगली. "खोड… खोडलं."

तिला क्षणभर कळलं नाही, आणि मग लख्ख कळलं. न्यायाधीशांनी तो शब्द नोंदीतून काढून टाकायचा हुकूम केला होता. घरी आल्यावर घडलेलं थोडक्यात सांगून शेवटी तो एवढंच म्हणाला होता, खोडलं, आणि मग न जेवता झोपला होता. कोर्टाने जे खोडलं होतं, खोडलं म्हणूनच ज्याच्यासोबत तो जगू शकत होता, ते तिने हौसेने पुन्हा लिहून काढलं होतं, आणि तेही सगळ्यांत वर ठेवून. अंग उघडं पडायची त्याला लाज नव्हती. देहाचं काय, देह कुणाचाही ओला होतो. पण त्याच्या तोंडून एका माणसाचं वाक्य वेडंवाकडं गेलं होतं, आणि हे कुणी वाचावं हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. इतकी वर्षं ती त्याच्या शेजारी झोपली, त्याला भरवलं, पुसलं, आणि त्याला कुठे दुखतं याचा तिचा अंदाज साफ चुकला होता. "बरं," ती म्हणाली. "खोडलं." तिने गठ्ठ्याच्या तळातून त्याच्या मरणाचं पान काढलं, फाडलं, आणि त्याने जमिनीवर पडलेला एक कपटा पायाने तिच्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून सुट्टी घेतली आणि न्याहारी झाल्यावर एजंटबाईंना फोन लावला. तोही टेबलाशीच होता, कप धुवायला नेण्याच्या बेतात. "मला एक सांगायचं राहिलं होतं," ती म्हणाली, आणि मग स्वतःच दुरुस्त केलं, "राहिलं नव्हतं. मी सांगितलं नाही. माझे मिस्टर आहेत."

"आहेत म्हणजे?"

"म्हणजे आहेत. इथे समोर बसलेत."

"तुम्ही मला सहा वर्षं म्हणालात," एजंटबाई म्हणाल्या.

"म्हणाले."

"का पण?"

डोक्यावरची घागर, रविवारचं ऊन, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. "सोपं होतं म्हणून," ती म्हणाली. "आणि ते पहिलं पान पण काढावं लागेल. कोर्टाचं. त्यांना नकोय."

"बाई," एजंटबाईंच्या आवाजात आता दमल्यासारखं काहीतरी होतं, "पहिलं पान नाही, शेवटचं पान नाही. मी मंगळवारी लोकांपुढे ठेवू काय? त्यांना मुळात पुस्तक हवंय का, ते तरी विचारलंत?"

"विचारलं. त्यांना हो-नाही नीट सांगता येत नाही."

"पण ऐकू येतं?"

"ऐकू सगळं येतं."

"द्या त्यांच्याकडे."

तिने फोन त्याच्या कानाशी धरला. त्याने तो तिच्या हातातून घेतला, डाव्या हातात नीट बसवला, खाकरला. "नमस्कार," तो म्हणाला. अख्खा शब्द, एकही चीर नसलेला, कोर्टातल्या त्या भरदार, थोड्या औपचारिक आवाजात. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की असे घासून गुळगुळीत झालेले शब्द कधीकधी आपले आपण बाहेर येतात, त्यावर आशा बांधू नका. पण तिने कल्पना केली की दुसऱ्या टोकाला एक बाई, कुठल्याशा ऑफिसात, हातातली कामं बाजूला ठेवून, तो आवाज ऐकतेय. मग बराच वेळ तिकडूनच बोलणं चाललं. तिला नुसती गुणगुण ऐकू येत होती, शब्द नाहीत. त्याची नजर जमिनीकडे होती आणि ओठ हलत होते. एकदा त्याने मान हलवली. एकदा "नाही, हो," म्हणाला आणि या वेळी ओठ पुसले नाहीत. मग गुणगुण थांबली. त्याने फोन कानापासून काढून टेबलावर ठेवला. तिने उचलला तेव्हा तो बंद झालेला होता.

"काय म्हणाल्या त्या?" तिने विचारलं, आणि विचारल्यावर तिला वाटलं, किती दुष्टपणा हा, पायात गोळी लागलेल्याला पळायला सांगणं. "राहू दे. मीच परत लावते."

पण त्याने हात आडवा केला. थांब. तो खुर्चीत सावरून बसला. लटका हात उचलून त्याने मांडीवर नीट ठेवला, पाठ ताठ केली, आणि तिच्याकडे न बघता तिच्या खांद्यावरून पलीकडे, जिथे न्यायाधीश बसत, तिथे बघायला लागला. तिने त्याला कामावर असताना एकदाच पाहिलं होतं, लग्नानंतर लगेच, मागच्या बाकावर बसून. एक घाबरलेली मोलकरीण साक्ष देत होती आणि तो चौकटीत उभा राहून, मिशा असलेला उंचापुरा पुरुष, धीरगंभीर आवाजात सांगत होता, 'मी दार लावलं आणि रडत बसले'. तिला हसू आवरेना. घरी आल्यावर त्याने समजावून सांगितलं होतं की दुभाष्याने कधी 'ती म्हणते की' असं म्हणायचं नसतं. जो बोलतो त्याचं 'मी' आपल्या तोंडात घ्यायचं, जसंच्या तसं, बाई असेल तर बाईचं. आपण मध्ये नाहीच, असं.

"मी," तो म्हणाला.

ती हलली नाही. स्वयंपाकघरातला फ्रिज घरघरून बंद झाला. त्याची जीभ दातांमागे काहीतरी शोधत होती, सापडलेलं टाकून देत होती, पुन्हा शोधत होती. 'उद्या' आला होता. तो ओठांपर्यंत आला आणि त्याने परत पाठवला, ते तिला दिसलं. कपाळावर घाम आला. कपातला उरलेला चहा थंड होऊन त्यावर साय धरली होती आणि ती सायीकडे बघत राहिली, कारण त्याच्या चेहऱ्याकडे बघणं म्हणजे त्याला ढकलणं झालं असतं.

"मी… थांब…" तो म्हणाला. मग मान हलवली, हे पुरं नाही, चूक आहे. परत पहिल्यापासून. "मी थांब… ते."

तिने वर बघितलं.

"मी थांबते," तो म्हणाला. एजंटबाईंचं वाक्य, त्यांच्या 'मी'सकट, शेवटच्या मात्रेपर्यंत जसंच्या तसं. आणि मग, एक बाजू सांगून झाली की दुभाषा दुसऱ्या बाजूकडे वळतो तसा तो सावकाश तिच्याकडे वळला, आणि आता तिने काय ते बोलावं म्हणून वाट बघत राहिला.